गुळाचा खडा

परवा शनिवारी पुण्याहून नाशिकला घरी गेलो. सकाळी दूध आणायला निघालो तर गल्लीच्या टोकाला चाचांची घोडी. पुढचे पाय ताणून, सगळा भार मागे टाकून कशीबशी उभी. मी आठवीत असताना चाचांनी ती सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. आता अठरा वर्षांची आहे, वरातीला जाते. सवयीने गुळाचा खडा पुढे केला, तर चाचांनी माझा हात धरला.

"नको रे बाळा. डॉक्टरांनी बंद केलाय."

मला वाटलं नाल टोचत असेल. नालबंदालाही तसंच वाटलं होतं म्हणे. पण डॉक्टर म्हणाले, दुखतंय खुरात, मूळ आहे इन्सुलिनमध्ये. आमच्या भाषेत, एरर एका मॉड्यूलमध्ये आणि बग भलतीकडेच!

रात्री वाचत बसलो. खुराच्या आतलं हाड नाजूक पापुद्र्यांनी खुराला धरलेलं असतं. ते पापुद्रे सुजून सैल पडले की प्रत्येक पाऊल म्हणजे यातना. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी धडधाकट पोनींना सतत इन्सुलिन दिलं, रक्तातली साखर मात्र नॉर्मल ठेवली. तरीही खूर दुखावले. म्हणजे गूळ फक्त चिथावणी देतो, घाव घालतं ते इन्सुलिन.

उतारवयात आणखी एक भानगड. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवरचा डोपामाइनचा ब्रेक सुटतो, हार्मोन्स वाढतात आणि उन्हाळा आला तरी हिवाळ्याचे केस झडत नाहीत. गेल्या मे महिन्यात हिच्या अंगावर दाट केस बघून आम्ही म्हणालो होतो, काय तब्येत आहे! डॉक्टरांनी आता त्याचीही रक्ततपासणी सांगितलीय.

वाईट याचं वाटतं, की तिला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. वरातीत लोक लाडू भरवायचे, चाचा चंदीत गूळ घालायचे, मी खडा द्यायचो. सगळं प्रेमानेच.

रविवारी चाचांबरोबर वाळलं गवत बादलीत भिजवलं. पाण्यात त्यातली बरीच साखर उतरते. चाचांनी हळूच विचारलं, "लग्नसराईपर्यंत उभी राहील ना रे?" त्यांचं घर तिच्यावरच चालतं. मला उत्तर देता आलं नाही.

गवत पुढे ठेवलं. तिने आधी माझा खिसा हुंगला.

असो.