नव्वद नंबरचे तेल

'वंगण' हा मराठीतील एक उपेक्षित शब्द आहे. बैलगाडीच्या दिवसांत तो रोजच्या बोलण्यात होता. गाडीच्या आखाला वंगण दिल्यावाचून शहाणा गाडीवान बाजारची वाट धरीत नसे. आता बेळगावच्या पश्चिमेकडील आमच्या भातपट्ट्यात बैलांची जागा हाती धरून चालवावयाच्या छोट्या ट्रॅक्टरने, म्हणजे पॉवर टिलरने घेतली आहे. शब्द मागे पडला. गरज मात्र गेली नाही. ती लोखंडी पेटीत बंद होऊन डोळ्यांआड झाली इतकेच, आणि डोळ्यांआडच्या गोष्टीची जी हेळसांड होते ती तिच्या वाट्यास आली.

माझे थोरले बंधू वारले तेव्हा मागे दोन एकर शेत, असा एक टिलर आणि बावीस वर्षांचा मुलगा राहिला. पुतण्या घरचे शेत करून गावातील दहाबारा कुटुंबांची चिखलणी भाड्याने करतो. आषाढातील ते तीनचार आठवडे हीच वहिनींच्या संसाराची वर्षाची रोकड. गेल्या वर्षी ऐन हंगामात तो म्हणाला, "काका, गिअरबॉक्सचं तेल दुधाच्या चहासारखं झालंय. वरून लिटरभर घालतो, हंगाम निघेल. दुकानदारही तेच सांगतो."

दुकानदाराचा सल्ला स्वस्त होता, पण खोटा होता. तेल दुधाळ होते याचा अर्थ त्यात पाणी शिरले आहे. चिखलणीत चाकांभोवती गवत आणि गाळ गुंडाळला जातो, तो आसाजवळचे रबरी सील खातो, आणि तेथून पाणी आत जाते. वरून घातलेले तेल या पाण्याला बाहेर काढीत नाही, झाकते. दातेरी चाकांच्या दातांमध्ये तेलाचा जो पातळ पापुद्रा टिकावयास हवा तो पाण्याने तुटतो. मग लोखंड लोखंडावर घासते, बेअरिंगला गंज धरतो. गिअरबॉक्स उघडावा लागला तर हंगाम गेलाच, आणि खर्चापायी टिलर विकण्याची पाळी येणार हे वहिनी मनोमन ओळखून होत्या. त्या बोलल्या नाहीत. नुसत्या दाराशी उभ्या राहिल्या.

यंत्राबरोबर आलेली पुस्तिका इंग्रजी आणि कन्नड भाषेत होती. पुतण्या बाजारात कन्नड उत्तम बोलतो, परंतु त्याचे शिक्षण मराठी शाळेत झालेले. पुस्तिकेतील कन्नड त्याला पेलत नव्हते. म्हणून आम्ही दोघे ओट्यावर बसलो आणि मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो.

यंत्र दहा मिनिटे चालवून तेल कोमट करावयाचे, कारण थंड तेल जागचे हलत नाही. मग यंत्र सपाट जागी उभे करून बंद करावयाचे. बुचांभोवतीची माती पुसावयाची, नाहीतर तीच आत जाते. यानंतरची गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली: आधी वरचे, तेल भरावयाचे बूच सैल करून पाहावे, मगच खालचे काढावे. खालचे काढून तेल सांडले आणि वरचे गंजून बसलेले निघाले, तर यंत्र भररस्त्यात उपाशी. खालून जे आले ते करड्या ताकासारखे होते. त्याच्या तळाशी बोटाला बारीक कीस लागला, पण दाताचा तुकडा कोठे नव्हता. पुतण्याने तेव्हा कोठे श्वास सोडला.

सील बदलले. आत रॉकेलने धुवावे असे शेजारी म्हणाले; परंतु कोपऱ्यांत राहिलेले रॉकेल नवे तेल पातळ करते, म्हणून थोडे ताजे गिअर तेलच फिरवून काढून टाकले. मग पुस्तिकेत सांगितलेले नव्वद नंबरचे तेल. हा नंबर इंजिनाच्या तेलाच्या नंबराशी ताडू नये. दोन्हींची मापे निराळी आहेत, आणि गिअरचे नव्वद हे दाटपणात इंजिनाच्या चाळीस-पन्नासच्या जवळपास येते. डब्यावरील 'जी. एल. ४' की 'जी. एल. ५' हेही पुस्तिकेबरहुकूम पाहावे. पाचमध्ये दाब सोसणारी गंधकयुक्त द्रव्ये अधिक असतात, आणि आत पितळी भाग असल्यास त्यांतील काही तेले त्यांना बाधतात. भरताना घाई उपयोगाची नाही. तेल सावकाश खाली बसते. थांबून पुन्हा पाहावे, आणि खुणेपाशी हात आखडावा. जास्त तेल फेसाळते आणि सीलमधून वाट काढते. काढलेले तेल आम्ही ओढ्यात ओतू दिले नाही. डब्यात भरून जुने तेल गोळा करणाऱ्याकडे दिले.

सबंध कामाला अर्धा दिवस लागला. तिसऱ्या दिवशी बूच उघडून पाहिले तेव्हा तेल मधासारखे स्वच्छ होते.

याच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले आणि पुढे शेतीची अवजारे घडविली. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीस गेले. त्यांच्या कारखान्याने १९२० मध्ये काढलेल्या 'किर्लोस्कर खबर'चेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. यंत्र आणि मराठी वाङ्मय यांची इतकी सोयरीक जेथे जुळली, तेथील शेतकऱ्याला आपल्या यंत्राचे पथ्य आपल्या भाषेत वाचता येऊ नये, याची मला खंत वाटते. कन्नडशी माझे वैर नाही. ज्याच्या हातात पाना आहे त्याला अक्षर कळावे, एवढेच.

म्हणून त्या रात्री मी सगळ्या पायऱ्या एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहिल्या. तो पुठ्ठा आता टिलरच्या छपरीत टांगलेला आहे आणि गावातील इतर टिलरवाले येऊन वाचतात. त्यातील 'निचरा-बूच' हा माझा शब्द पुतण्याने दुसऱ्याच दिवशी खोडला आणि वर 'खालचा बोल्ट' असे लिहिले. तो मी तसाच राहू दिला आहे.