माळवद उकरणारी चार माणसं

प्रिय ताई,



तुझं पत्र मिळालं. बदलीच्या गावात कॅथलिक घरं चार-दोनच, मिस्सेला जायचं तर अख्खा दिवस मोडतो, धर्मगुरू येणार कधीमधी. मग देवाची कृपा रोजच्या जगण्यात उतरायची कशी, असं तू विचारलंस. उत्तर मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे, आणि लोहारा-उमरग्याच्या माणसाला ते पटकन कळेल.

कफर्णहूमला येशू एका घरात बोलत होता. दारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. चौघांनी एका पक्षघात झालेल्या माणसाला बाजेवर घालून आणलं, छपरावर चढवलं, छप्पर उकरलं आणि बाज थेट येशूपुढे सोडली. त्या मुलखातली घरंही आपल्याकडच्यासारखी माळवदाचीच: लाकडी तुळया, त्यांवर फांद्या-काटक्या आणि वर चोपलेल्या मातीचा थर. अशा छपराचं वजन काय असतं, हे 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीने आणि सास्तूरने पाहिलं आहे. ते उकरायचं म्हणजे हाताला फोड येणार, खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडणार, घरमालक ओरडणार. चौघं मागे हटले नाहीत. मार्क सांगतो, येशूने विश्वास पाहिला तो या उचलून आणणाऱ्यांचा. आजारी माणूस तोवर एक शब्दही बोललेला नाही.

छोटे ख्रिस्ती समूह हेच बाज उचलण्याचं काम करतात. मुंबई महाधर्मप्रांतात 1980च्या दशकात त्यांची बांधणी सुरू झाली. बिशप बॉस्को पेन्हा यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. 1990मध्ये आशियातल्या बिशपांची परिषद इंडोनेशियात बांडुंगला भरली, तिनेही हाच मार्ग धरला. समूहात बायबल वाचायची पद्धत मात्र दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची. तिच्या पायऱ्या सात, आणि त्यासाठी पंडित लागत नाही.

शेजारची चार-सहा घरं कुणा एकाच्या ओसरीवर जमतात. मधे बायबल आणि एक मेणबत्ती. कुणीतरी साध्या शब्दांत प्रभूला बोलावतं. उतारा वाचला जातो. मग ज्याला जो शब्द भिडला, तो त्याने मोठ्याने म्हणायचा. एकच शब्द तीन-तीनदा उच्चारला गेला तरी चालतो. त्यानंतर सगळे गप्प. ही शांतता सुरुवातीला अवघड जाते, चुळबुळ होते, कुणीतरी खोकतं. पुढे प्रत्येकाने आपल्याला काय जाणवलं ते सांगायचं. प्रवचन नको, दुसऱ्याचं खोडणंही नको. सहावी पायरी कामाची: शेजारच्या म्हातारीला दवाखान्यात कोण नेणार, दारू सोडू पाहणाऱ्याच्या घरी संध्याकाळी कोण बसणार. नाव आणि दिवस ठरवूनच उठायचं. शेवटी ज्याच्या-त्याच्या तोंडची प्रार्थना. सहावी पायरी गाळली की समूहाचा नुसता वाचनवर्ग होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

समूह मिस्सेची जागा घेऊ शकत नाही, हेही लक्षात ठेव. संस्कारांत देव हाताला लागणाऱ्या वस्तूंतून येतो: पाणी, गव्हाची भाकर, द्राक्षारस, तेल. आणि चर्चने हे दार माणसांपासून फार लांब ठेवलेलं नाही. जीव धोक्यात असलेल्या बाळाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, मग ती नर्स असो की शेजारीण. पाणी, ठरलेले शब्द आणि चर्चचा हेतू मनात असला की पुरे. विवाहसंस्कार वधू-वर एकमेकांना देतात, धर्मगुरू साक्षीला असतात. रुग्णाभ्यंगाला, म्हणजे आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्काराला, ऑलिव्हचंच तेल हवं हा आग्रह पोप पॉल सहावे यांनी 1972 साली सोडला. ते मिळत नसेल तिथे दुसरं वनस्पतिजन्य तेल चालतं. धर्मगुरू अंगठा तेलात बुडवून आजाऱ्याच्या कपाळावर आणि दोन्ही तळहातांवर क्रूस काढतात. आपल्या घरांमधून अजूनही हा संस्कार म्हणजे मरणाची चाहूल समजतात, आणि माणूस शुद्धीवर असेपर्यंत कुणी धर्मगुरूंना निरोप धाडत नाही. फार वाईट वाटतं. तो जगणाऱ्या आजाऱ्यासाठी आहे. मोठ्या शस्त्रक्रियेआधी मागता येतो, थकलेल्या म्हाताऱ्यांना घेता येतो. हा निरोप वेळेवर धाडणं हेच तुमच्या समूहाचं पहिलं काम होऊ शकेल.

वेदीवरून उठून माणसांत जाणं म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याने जवळून पाहिलं आहे. जानेवारी 2020मध्ये इथे 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. रोज मिस्सा करणारा हा माणूस वसईचं पाणी आणि हिरवाई वाचवायला रस्त्यावर उतरला होता. संमेलनाच्या नगरीला नाव होतं तेरच्या गोरोबाकाकांचं. चिखल तुडवता-तुडवता ज्यांनी विठ्ठल धरून ठेवला, त्यांच्या नावाच्या मांडवात एका ख्रिस्ती धर्मगुरूला अध्यक्षपद मिळालं, याचा मला मनापासून अभिमान आहे. काहींनी त्यांच्या निवडीला विरोध केला होता. जिल्ह्याने मात्र त्यांचं स्वागतच केलं. 25 जुलै 2024 रोजी फादर गेले. त्यांचं ‘सुबोध बायबल’ मागवून घे. टिपांमुळे समूहात वाचायला ते सोपं जाईल.

तेव्हा ताई, माणसं कमी म्हणून थांबू नकोस. कफर्णहूमला चौघंच होते. येत्या शुक्रवारी संध्याकाळी घरं गोळा कर, मार्कचा दुसरा अध्याय काढ, पहिली बारा वचनं वाचा, आणि उठण्याआधी आजाऱ्यांची यादी करून धर्मगुरूंना फोन लाव.

तुझा धाकटा भाऊ