रुमाल

आमच्या कृष्णाकाठच्या गावात एक इतिहास मंडळ आहे. मंडळ म्हणावे इतके ते मोठे नाही. सभासद पन्नासच्या आत, कपाटे तीन, आणि वार्षिक सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब करून पुन्हा त्याच जागी, त्याच माणसांत भरवण्याची परंपरा मात्र अखंड. राजवाड्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. त्याच्या नावाचा आणि शिस्तीचा दरारा गावोगावच्या अशा लहान मंडळांवर अजूनही आहे. आमच्या इतिवृत्ताच्या वहीतली भाषासुद्धा तिथलीच, थोडी झिजलेली.

वर्षाचा क्रम ठरलेला असतो. चैत्रात पाणी खाली गेले की गावाबाहेरच्या बारवेतला गाळ काढायचा. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिनाचे व्याख्यान. पावसाळ्यात ती तहकूब सभा. थंडीत लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीची सहल. तिथला शके १६४१ ते १६४६ असा बांधणीचा काळ सांगणारा शिलालेख दरवर्षी कोणीतरी मोठ्याने वाचतो आणि दरवर्षी कोणीतरी त्याला मध्येच दुरुस्त करतो. दिवाळीत मुलांची किल्ल्यांची स्पर्धा. २०२५ च्या जुलैत ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले, आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या दिवाळीत एका मुलाने चिखलमातीचे तीन डोंगर उभे करून जिंजी केला होता आणि राजाराममहाराज तिथे का गेले हे परीक्षकांनाच समजावून सांगितले. त्याचे अळीव काही नीट उगवले नव्हते, म्हणून त्याला दुसरा क्रमांक मिळाला. या निकालाबद्दल माझे मत आजही वेगळे आहे. असो.

या सगळ्यात मला जवळचा वाटतो तो मे महिन्यातला मोडी वर्ग. निवृत्तीनंतर मीही त्यात विद्यार्थी म्हणून बसलो. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आपल्याच भाषेपुढे निरक्षर होऊन बसण्याचा अनुभव येतो, तो घेण्यासारखा आहे. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे लटकवत न्यायची. इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. त्यामुळे शुद्धलेखनाने गांजलेली मुले खूश होतात आणि आम्ही शिक्षक अस्वस्थ. साल वाचायचे तर अरबी संख्यावाचके पाठ करावी लागतात. ‘खमस मयातैन व अलफ’ म्हणजे पाच, दोनशे आणि हजार. सुहूर सन १२०५, म्हणजे इसवी सन १८०४ च्या मृगापासूनचे वर्ष.

हे साल मी उदाहरणादाखल निवडलेले नाही.

आमच्या घरी माळ्यावरच्या पेटीत एक रुमाल होता. लाल खारव्यात बांधलेल्या कागदांचा गठ्ठा, दसऱ्याला हळदकुंकू वाहण्यापलीकडे कोणी न सोडलेला. आजोबा सांगत, त्यात इनामाची सनद आहे. मोडी येऊ लागल्यावर मी तो सोडला. सनद नव्हती. वाट्यांचे वाद होते, कर्जरोखे होते, गोठ्यातल्या जनावरांची एक याद होती. आणि खमस मयातैन सालचा एक खरेदीखताचा कागद होता. आमच्या पूर्वजाने एक पोरगी विकत घेतली होती. ‘उमर सुमारे वर्षे नऊ.’ विकणारा तिचा बाप होता.

पेशवाईत कुणबिणी विकल्या जात, हे मी वर्गात शिकवलेले होते. दुष्काळात माणसे पोटची पोरे विकत, हेही. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरला होळकर आणि पेशव्यांची लढाई, पाठोपाठ मुलखाची लूट, आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ. ही कारणपरंपरा मला तोंडपाठ होती. शिकवताना आवाज कधी बदलला असेल असे वाटत नाही. त्या रात्री कागद हातात धरून मी पहिली गोष्ट कोणती पाहिली असेल, तर किंमत किती लिहिली आहे ती. तो भाग कसरीने खाल्लेला होता, आणि मला चक्क बरे वाटले. पोरीचे नाव कागदात नाही. जनावरांच्या यादीत मात्र प्रत्येक गाईचा रंग आणि नाव आहे.

नोव्हेंबरात १९ ते २५ वारसा सप्ताह असतो. त्यात मंडळ जुन्या घरांतल्या कागदांचे प्रदर्शन भरवते. मी रुमाल दिला आणि त्या कागदाचे लिप्यंतरही करून दिले. कार्यकारिणीत दोन तास चर्चा झाली. विरोध करणारे दुष्ट नव्हते. त्यांचे म्हणणे, हा कागद लावला तर पुढच्या वर्षी कोणते घर आपला रुमाल सोडेल? माळ्यावरचे कागद माळ्यावरच राहतील, नाहीतर रद्दीत जातील. राजवाड्यांनी १८९८ पासून साधनांचे खंड काढले तेही लोकांनी पेट्या उघडल्या म्हणूनच. दुसरी भीती कोणी बोलून दाखवली नाही, पण ती खोलीत होती. जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेत झालेली तोडफोड त्या टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला आठवत होती. तीन कपाटांच्या मंडळाला काच फुटणेही परवडत नाही.

शेवटी कागद लागला. कोपऱ्यात, नाण्यांच्या पेटीशेजारी. खाली पाटी होती : ‘खरेदीखत, इ. स. १८०४-०५. एका खाजगी संग्रहातून.’ इतर सर्व कागदांखाली घराण्यांची नावे होती. चिटणीसांनी माझ्यावर केलेला तो उपकार होता, आणि सात दिवस मी रोज तिथे उभा राहूनही पाटी बदला असे म्हटले नाही. चौथ्या दिवशी शाळेतल्या मुली आल्या. त्यांतली एक लिप्यंतर वाचून थांबली. तिने विचारले, “सर, हे कोणाच्या घरातले?” मी तिला दुष्काळाबद्दल सांगितले. बरेच सांगितले. लढाई, लूट, धान्याचे भाव. ती ऐकून घेऊन पुढे नाण्यांकडे गेली.

घरी याबद्दल धाकट्या बहिणीशी बोललो. ती म्हणाली, “दादा, आजोबांनी दसऱ्याला ज्याची पूजा केली त्याला तू भिंतीवर टांगलेस.” यात तक्रार होती की नुसते वर्णन, ते मला अजून कळलेले नाही. आजोबांना मोडी येत होते.

या वर्षीच्या प्रदर्शनासाठी चिटणीसांनी तोच कागद पुन्हा मागितला आहे. यंदा पाट्यांचा मजकूर ज्याचा त्याने लिहून द्यायचा, असे सभेत ठरले. बाकीच्या कागदांचा मी दिला आहे.