जपलेले टायर

स्पीतीच्या खडकाळ वाटांसाठी हौसेने घेतलेली आमची मोटारसायकल संसाराच्या व्यापात पडवीतच उभी राहिली. परवा चिरंजीवांनी ती स्पीतीला नेण्याची परवानगी मागितली. आम्ही अभिमानाने टायर दाखविले. वरचे ठोकळे अगदी नव्यासारखे उंच! पण त्यांच्या बुडाशी केसासारख्या भेगा होत्या. कडेवर ‘२३१७’ हा आकडा, म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्याचा जन्म. हवेतील ओझोन रबराला चिरतो. टायर फिरता असला, की रबरातील मेण पृष्ठभागावर येऊन त्याचे रक्षण करते. उभ्या टायरला ते कवच पुरेसे लाभत नाही. झिजू नये म्हणून जे जपले, ते जपण्यानेच गेले. असो. नवे टायर घातले आहेत. चिरंजीवांच्या मागे बसून आम्हीही निघालो आहोत.