शेजाऱ्याला न तापवणारा गारवा

गुड फ्रायडेच्या दिवशी योहानकृत शुभवर्तमानातून प्रभूच्या दुःखसहनाचे वाचन होते, तेव्हा आपले सारे लक्ष पेत्राच्या नकाराकडे लागलेले असते. त्या प्रसंगातील एक लहानसा तपशील मात्र सहज कानावरून निघून जातो. रात्री थंडी होती म्हणून चाकरांनी व शिपायांनी कोळशाचा विस्तव पेटवला होता आणि पेत्रही त्यांच्याबरोबर उभा राहून शेकत होता. लूक सांगतो की हा विस्तव अंगणाच्या मधोमध होता. मार्क सांगतो की पेत्र खाली अंगणात होता. वल्हांडणाचे दिवस म्हणजे मार्च-एप्रिल. उन्हाळ्यात होरपळणाऱ्या त्या देशात, भर शहरात, प्रमुख याजकाच्या घराच्या अंगणात माणसांना शेकोटीची गरज का भासावी? अनेक वर्षे हा प्रश्न माझ्या मनात घोळत होता. त्याचे उत्तर शोधता शोधता उष्ण प्रदेशातील घरबांधणीची एक फार जुनी विद्या समोर आली आणि आपल्याच अंगणांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा कोरडी. अशा ठिकाणी दिवस मावळला आणि आकाश निरभ्र असले की जमीन, फरसबंदी व भिंती दिवसभर साठवलेली उष्णता आकाशाकडे सोडू लागतात. गार झालेली हवा जड होते, खाली उतरते आणि चारी बाजूंनी बंदिस्त असलेल्या अंगणात, विहिरीत पाणी साचावे तशी साचून राहते. पेत्राला ज्या थंडीने शेकोटीकडे नेले, तीच थंडी उन्हाळ्यात त्या घरांचा आधार होती. यरुशलेमच्या जुन्या शहरात १९६९ पासून झालेल्या उत्खननात हेरोदकालीन धनिकांची घरे उजेडात आली. त्यांतील सर्वांत मोठे घरही एका फरसबंद अंगणाभोवतीच बांधलेले आहे.

या विद्येचे मर्म समजायला सोपे आहे. रात्री अंगणात साचलेला गारवा दारांवाटे भोवतालच्या खोल्यांत पसरतो. सकाळी भिंतींची सावली अंगणावर असते, त्यामुळे तो बराच वेळ टिकतो. मध्यान्ही ऊन सरळ खाली उतरते, अंगणातील हवा तापून वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी खोल्यांतील हवा हलू लागते. दगडामातीच्या दीडदोन फूट जाड भिंतींतून बाहेरची उष्णता आत पोचायला कित्येक तास लागतात. ती पोचते तोवर संध्याकाळ झालेली असते आणि गच्चीवर किंवा अंगणात निजण्याची वेळ आलेली असते. अंगणात एखादे झाड असले, पाण्याचा हौद असला, तर बाष्पीभवनाने गारव्यात भर पडते. कैरोच्या जुन्या घरांत तर याहून पुढचे कौशल्य दिसते. तेथे एक लहान, सावलीचे अंगण आणि मागे एक मोठी बाग, आणि या दोहोंच्या मध्ये बसायची उघडी पडवी असे. तिला तख्तबूश म्हणत. बागेतील हवा उन्हाने तापून वर चढली की सावलीच्या अंगणातील गार हवा पडवीतून तिकडे खेचली जाई. भर दुपारी बसणाऱ्याला झुळूक मिळे. हसन फत्ही (१९००–१९८९) या इजिप्शियन वास्तुशिल्पकाराने ही विद्या अभ्यासली, लिहून ठेवली आणि गरिबांच्या मातीच्या घरांसाठी वापरली.

हे केवळ श्रीमंतांचे वैभव होते असे मात्र कोणी समजू नये. गालील सरोवराच्या काठी कफर्णहूम येथे १९६८ पासून फ्रान्सिस्कन धर्मगुरू विर्जिलिओ कोर्बो व स्तानिस्लाव लोफ्रेदा यांनी उत्खनन केले. जे घर परंपरेने संत पेत्राचे मानले जाते, तेही त्यांनी उजेडात आणले. समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २०० मीटर खाली असलेले हे गाव उन्हाळ्यात भाजून निघते. तेथील घरे काळ्या दगडाची, साधी, लहान. फांद्या व माती यांचे हलके छप्पर. पक्षाघाती मनुष्याला त्याच्या मित्रांनी छप्पर उकलून खाली सोडले, ते अशाच एखाद्या घरात. या घरांचे वैशिष्ट्य असे की अनेक खोल्या एकाच अंगणाभोवती आहेत. भाकरीची भट्टी अंगणात, गच्चीवर जाण्याचा जिनाही अंगणातून. खोल्या निजण्यापुरत्या, जगणे सारे बाहेर. प्रभू येशूने जे कुटुंबजीवन जवळून पाहिले, ते असे सामाईक अंगणातले होते.

उन्हाळी देशांत ही रचना सर्वदूर आढळते. रोमन घरांच्या खांबांच्या चौकातून युरोपातील मठांची ओवऱ्यांनी वेढलेली अंगणे आली, आणि पोर्तुगीज काळात (१५३४–१७३९) ती आपल्या वसईच्या किल्ल्यात पोचली. तेथील फ्रान्सिस्कन व जेझुइट मठांच्या अवशेषांत आजही हे चौक ओळखता येतात. मे महिन्याच्या दुपारी मी तेथे उभा राहिलो आहे. चौकात ऊन रणरणत असते, पण भिंतीच्या कडेला सावलीत सरकले की अंगावर वारा येतो. त्या ओवऱ्यांतून प्रार्थना पुटपुटत फेऱ्या घालणाऱ्या मठवासीयांना या वाऱ्याची ओळख असणारच. देशावर तर परंपरा आपलीच होती. चौसोपी वाड्याचा चौक आणि गोव्याच्या जुन्या हिंदू घरांतील राजांगण ही त्याच कुळातली.

मात्र प्रत्येक गावची हवा निराळी असते, हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होते. वसई-मुंबईच्या दमट हवेत रात्र वाळवंटासारखी थंड होत नाही. हवेतील बाष्प उष्णता धरून ठेवते. येथे खोल, बंदिस्त चौकापेक्षा वाऱ्याला वाट देणे महत्त्वाचे. म्हणून आपल्या जुन्या घरांना उंच जोते, समोर ओटा, बाजूने पडवी, डोक्यावर कौले आणि पुढ्यात शेणाने सारवलेले अंगण असे. कौलांच्या फटींतून तापलेली हवा निघून जाई. अंगणाची माती पाणी शोषी आणि सावकाश सोडी. त्या पलीकडे केळीची वाडी आणि बावखल. घर म्हणजे केवळ भिंतींच्या आतला भाग नव्हता. लग्नाचा मांडव अंगणात, मे महिन्यातील माळेची प्रार्थना अंगणात, आणि आजारी म्हाताऱ्याची खाटही संध्याकाळी अंगणातच.

दादरचे साल्व्हेशन चर्च, आपण ज्याला पोर्तुगीज चर्च म्हणतो, ते १९७४ ते १९७७ या काळात नव्याने बांधले गेले. त्याचे वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५), मूळचे गोव्याच्या कॅथॉलिक कुटुंबातले. त्यांनी एकच भव्य दालन उभारले नाही. एकमेकांत गुंतलेल्या जागा केल्या, काही छताखाली, काही आकाशाखाली. आणि छतांची उंच कवचे अशी केली की तापलेली हवा वर निघून जावी. प्रार्थनेला आलेला माणूस रस्त्यावरून एकदम आत न शिरता अंगणांतून आत येतो. पुढे १९८० च्या दशकात नवी मुंबईतील बेलापूर येथे कोरियांनी अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठीही घरे रचली. त्यांतील सात सात घरांच्या मध्ये सुमारे ८ मीटर लांबरुंदीचे एक सामाईक अंगण ठेवले. कफर्णहूमचीच ही आठवण, असे मला वाटते.

आज आपण उलट्या दिशेने निघालो आहोत. एका धर्मग्रामात चर्चच्या नूतनीकरणाची पाहणी करण्याचा योग आला. तीन बाजूंच्या पडव्या काचा लावून बंद केल्या होत्या, अंगणातील झाडे काढून सिमेंटच्या लाद्या बसवल्या होत्या आणि आत वातानुकूलन यंत्रांची रांग होती. यामागे लोकांच्या खऱ्या अडचणी आहेत, हे नाकारता येणार नाही. भाविकांची संख्या वाढली आहे, रस्त्याचा गोंगाट आहे, वृद्धांना उकाडा सोसत नाही. उकाडाही पूर्वीचा राहिलेला नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील जाहीर समारंभात उन्हाच्या तडाख्याने १४ जणांचे प्राण गेले. तेव्हा नुसती मोकळी जागा म्हणजे अंगण नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. अंगणाला सावली हवी, झाड हवे, भोवताली ओवरी हवी.

पण यंत्राचा गारवा आणि अंगणाचा गारवा यांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो केवळ विजेच्या बिलाचा नाही. यंत्र उष्णता नाहीशी करत नाही. ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते, आणि तिच्यात स्वतःच्या उष्णतेची भर घालते. माझी खोली जेवढी थंड, तेवढी शेजाऱ्याची गल्ली गरम. ज्याला यंत्र परवडत नाही, त्याच्या पत्र्याच्या घराकडे ती झळ जाते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हानिकारक उपभोगाचे उदाहरण देताना वातानुकूलनाच्या वाढत्या वापराचाच उल्लेख केला, तो मला यामुळे फार अर्थपूर्ण वाटतो. अंगण कुणावरही उष्णता ढकलत नाही. ते ती आकाशाला परत करते. त्यासाठी मालकाला एकच त्याग करावा लागतो: स्वतःच्या जमिनीचा एक तुकडा रिकामा ठेवावा लागतो. चौरस फुटांच्या हिशेबात हा तोटा दिसतो, पण शेजारधर्माच्या हिशेबात तो दान ठरतो.

यंत्र वापरूच नये, असे मी म्हणत नाही. रुग्णाच्या खोलीत, तान्ह्या बाळाच्या खोलीत ते जरूर असावे. परंतु नवे घर बांधताना अथवा चर्चचा आराखडा पाहताना, किती यंत्रे लागतील हे विचारण्याआधी आपण काही साधे प्रश्न विचारू शकतो. वारा कोणत्या दिशेने येतो? दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर पडते? उभे असलेले झाड वाचवून भिंत सरकवता येईल का? अंगणाची थोडी तरी माती उघडी ठेवता येईल का? पडवी बंद करण्याऐवजी रुंद करता येईल का? यासाठी मोठ्या शिक्षणाची गरज नाही. आपल्या गावातील एखाद्या वृद्ध गवंड्याला विचारले तरी तो हात वर करून वाऱ्याची वाट दाखवील.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, ही आज्ञा आपण वाणीने व वागणुकीने पाळायचा यत्न करतो. घर बांधतानाही ती पाळता येते, हे आपल्या पूर्वजांनी अंगणे राखून दाखवून दिले. आपल्या मुलांच्या वाट्याला अधिक तापलेले जग येणार आहे. त्यांच्यासाठी भिंतींबरोबर थोडी सावलीची, मोकळी जागाही आपण मागे ठेवू या.