एल-सेव्हन्टी तोफबाईंना अनावृत पत्र

तीर्थस्वरूप एल-सेव्हन्टी तोफबाई यांस,

देवळाली कॅम्पातल्या जुन्या शेजाऱ्याचा साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडील सर्व क्षेम. मे २०२५ मध्ये पश्चिम सीमेवर ड्रोनचे थवे आले आणि ते पाडायला तुम्ही रात्री जागवल्यात, हे आम्हाला टीव्हीवरून कळले. आनंद झाला, अन् रागही आला. जुन्या गावाला एक ओळ खरडावी, एवढेही सुचू नये?

मूळ राग १९८९चा. तुमची विमानवेधी विद्या १९४० मध्ये कुलाब्याला सुरू झाली, पुढच्या वर्षी कराचीला गेली आणि फाळणीनंतर देवळालीच्या आश्रयाला आली. तुम्ही स्वतः साठच्या दशकात इकडच्या झालात. एवढा घरोबा असताना १९८९ मध्ये शाळेचे बिऱ्हाड उचलून ओडिशात गोपाळपूरला नेलेत, आणि १९९४ मध्ये तोफखान्यापासून चूलही वेगळी मांडलीत. मागे राहिलेल्या तोफखान्यातल्या तुमच्या जावा रेंजवर धडाडल्या की आमच्या फडताळातली भांडी अजून वाजतात. माझी आजी त्या प्रत्येक धडाक्याचे खापर तुमच्यावर फोडायची. तुमचे तोंड सदा आभाळाकडे, हे तिला शेवटपर्यंत पटले नाही.

मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिले ते शाळेच्या सहलीत. चार चाकांवर बैठक, त्यातून निघालेली बारीक लांब मान. नळीचे तोंड ४० मिलिमीटर आणि लांबी त्याच्या सत्तरपट, म्हणून नाव एल-सत्तर. मी विचारले, विमानावर नेम कसा धरतात? जवान हसला. म्हणाला, विमानावर धरतच नाहीत. ते जिथे पोचणार आहे तिथे धरतात. तुमचा गोळा सेकंदाला सुमारे किलोमीटरभर वेगाने सुटला तरी विमान तोवर पुढे सरकलेले असते. चेंडू पळत झेलणाऱ्या पोराला हे न शिकवता येते. तुमच्या पोरांना मात्र त्यासाठी शाळा काढावी लागली. गंमत म्हणजे तेव्हा नाशिकच्या एका अंगाला, ओझरला, मिग जुळवत होते आणि दुसऱ्या अंगाला विमाने पाडायचे धडे चालले होते. दोघांचा पगार सरकारच देत होते.

१९८७ नंतर तुम्हाला फार सोसावे लागले, हे मान्य. भानगड निघाली ती १५५ मिलिमीटरच्या तोफेची, आणि माहेरचे नाव बोफोर्स म्हणून बोल तुम्हालाही लागला. तुम्ही वीसेक वर्षे आधीच नांदायला आलेल्या होतात. पण गल्लीत एवढा हिशोब कोण करतो?

आता मुद्द्याचे. तुमच्या जातीला निवृत्त करायची घाई आजची नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या विमानवेधी तोफखान्याचा प्रमुख होता जनरल वाल्टर फॉन आक्सथेल्म. एकेक विमान पाडायला हजारो गोळे खर्ची पडताना पाहून त्याने १९४२ मध्येच रॉकेटांचा आराखडा पुढे केला. माणूस चुकला नव्हता. उंचावरच्या विमानांचे काम पुढे क्षेपणास्त्रांनीच उचलले. आपल्याकडेही तुमच्या जागी नवी तोफ आणायचे कागद वर्षानुवर्षे फिरताहेत. पण स्वस्तातले, भुणभुणणारे ड्रोन झुंडीने येतील, हे १९४२ मध्ये त्याला कुठून दिसणार? आमच्या द्राक्षबागेतला राखणदार पाखरांमागे बंदूक घेऊन धावत नाही, गोफणच फिरवतो. मिनिटाला तीनशेच्या आसपास गोळ्यांची तुमची गोफण, नवे रडार आणि कॅमेऱ्याचे डोळे बसवल्यावर, त्याच कामाला आली.

म्हणून विनंती, निवृत्तीचा कागद कोणी पुढे केला तर लगेच सही करू नका. पाडव्याला वगैरे जमल्यास इकडे चक्कर टाकावी. आजी नाही, पण फडताळ आहे. आणि गोपाळपूरच्या खाऱ्या वाऱ्याला लोखंड लवकर गंजते, तेव्हा तेलपाणी वेळच्या वेळी करून घेत जा.

आपला,
लॅम रोडवरचा शेजारी