काकांची चाल

सातपुड्यात ढोल वाजवणारे गावोगाव आहेत. पण होळीच्या दिवसांत ‘आज तो येतोय’ एवढं कळलं की मोलगीपासून धडगावपर्यंतची माणसं वाट वाकडी करून यायची, असा ढोल्या मी एकच पाहिला. ते बाबांचे जोडीदार. आम्हा भावंडांचे काका.

काकांचं गाव नर्मदेकाठी. बाबा तिथे शाळेवर मास्तर होते, तेव्हापासूनची ही दोस्ती. पुढे आम्ही मोलगीला राहायला आलो आणि बाजाराच्या दिवशी काकांचा मुक्काम आमच्याकडेच पडू लागला. नंदुरबार जिल्हा 1998 साली झाला. त्याआधी आम्ही धुळ्याचे, आणि घाट उतरून अक्कलकुव्याला जायचं तरी दिवस मोडायचा. रात्री मक्याची भाकर, उडदाची डाळ खाऊन काका खाटेच्या लाकडावर बोटांनी चाली वाजवून दाखवत. लग्नाची वेगळी, होळीची वेगळी. मरणाची चाल मात्र त्यांनी घरात कधी वाजवली नाही. बाबांनीही कधी मागितली नाही.

काठी गावाची राजवाडी होळी 1246 पासूनची सांगतात. रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. पाळणी म्हणजे होळीचं व्रत धरलेले नाचे, बुध्ये, अंगावर राखेची नक्षी, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप अशा रूपात नाचत असतात. तिथे काका ढोल शेकून घेत, गळ्यात अडकवत, आणि लगेच वाजवत नसत. आधी रांगेतली म्हातारी माणसं शोधत. त्यांचे पाय बघत आणि तिथून चाल उचलत. नवशिके ढोल्ये माणसांना आपल्यामागे पळवतात. काकांच्या ढोलावर आजी आणि नात पहाटेपर्यंत एका रांगेत टिकायच्या. एवढं मोठं वाजवणं मी पुन्हा ऐकलं नाही.

मग सरदार सरोवराचं पाणी चढलं. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली 33 गावं त्यात सापडली, त्यांत काकांचंही. अर्धी घरं तळोद्याकडे सोमावलच्या वसाहतीत गेली, अर्धी वर डोंगरात सरकली. काका डोंगरात राहिले. पण दर वर्षी होळीच्या आधी ते सोमावलला जात, तिथल्या पोरांना ढोलावर बसवत. होळी दोन ठिकाणी पेटली तरी चाल एकच राहिली पाहिजे, असं ते बाबांना सांगत. काकांवर लिहिताना सगळे मंच, शाल आणि मोरपिसं लिहितात. या फेऱ्या कुणी लिहिल्या नाहीत, म्हणून मी लिहितोय.

काका गेले ते भर पावसाळ्यात. घाटात दरड आलेली, तरी सोमावलची माणसं पायी चढून आली, ढोल प्लास्टिकात गुंडाळून. काकांना उचललं तेव्हा वरचे आणि खालचे ढोल एकदमच सुरू झाले. कुणी कुणाला खूण केली नव्हती. ती चाल मी नीट कान देऊन ऐकली. वरचा ढोल कुठला आणि खालचा कुठला, मला ओळखता आलं नाही. बाबा माझ्या खांद्याला धरून उभे होते आणि मोठ्याने रडत होते.

आता काकांचा नातू वाजवतो. हात जलद आहे त्याचा, मंचावर टाळ्याही मिळतात. होळीला मात्र सोमावलच्या जीपा आल्याशिवाय ढोल गळ्यात घालायचा नाही, असं त्याच्या बापाने आणि मी त्याला बजावून ठेवलं आहे.